दोन कुलपी गोळे

धार संस्थानच्या तोफखान्याचे शेवटचे अधिकारी गणपतराव खानविलकर यांनी आयुष्यात एकही शत्रू मारला नव्हता. त्यांच्या तोफा दसऱ्याला, राजघराण्यात पुत्र झाल्यावर आणि गोरा साहेब पाहुणा आल्यावर उडत. आणि त्यांत नुसती दारू ठासलेली असे, गोळा नसे. एकदा सलामीच्या दणक्याने एका साहेबाचा घोडा उधळला आणि साहेब शेणाच्या ढिगात पडला. गणपतरावांची लढाई म्हणायची ती तेवढीच. अठ्ठेचाळीस साली संस्थान मध्यभारतात विलीन झालं, तोफा सरकारजमा झाल्या, आणि गणपतरावांकडे उरल्या त्या मिशा आणि जगाच्या राजकारणावरची मतं. दोन्हींना ते रोज सकाळी पीळ देत.

त्यांची धाकटी बहीण उमाबाई जगदाळे आमच्या देवासात राहत असे. विधवा बाई, एकुलती मुलगी लोहारद्याला दिलेली, घरात एकटीच. घर साधं होतं, पण पुढे मोठं आवार, आवारात गोड्या पाण्याची विहीर आणि समोरून पक्की सडक. पूर्वी या जागेकडे कोणी ढुंकून पाहत नसे. मग स्वराज्य आलं, स्वराज्यामागून मोटारी आल्या, आणि मोटारींबरोबर उमाबाईंच्या शेजारी भैयासाहेब आले.

भैयासाहेब थोरल्या पातीकडच्या एका सरदाराचे चिरंजीव. आमच्या एवढ्याशा गावात पूर्वी थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं होती. दोन राजे, दोन दरबार, दोन कचेऱ्या. विलीनीकरणानंतर कचेरी एकच उरली, त्यामुळे हेलपाटे नेमके कुठे घालायचे हे तरी लोकांना कळू लागलं. जहागीर गेली तशा भैयासाहेबांनी उतारू नेणाऱ्या मोटारी घेतल्या. जिकडे त्यांच्या आजोबांचे घोडे कधी गेले नव्हते, तिकडे पीपलरावां, लोहारदा, धार, मनावर असा नातवाचा दिग्विजय सुरू झाला. पदरी ड्रायव्हर होते, आखाड्यातले पैलवान होते, डोक्यावर नवी पांढरी टोपी होती. उमाबाईंच्या भिंतीला लागून त्यांनी पत्र्याची शेड घातली आणि तिच्यात पेट्रोलची पिंपं रचली. भरवस्तीत पेट्रोल साठवायला परवाना लागतो. तो त्यांनी काढला नव्हता. परवाने लहान माणसं काढतात.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात भैयासाहेबांना मोटारी वळवायला जागा कमी पडू लागली आणि त्यांची नजर उमाबाईंच्या आवाराकडे वळली. त्यांनी विचारलं नाही. एके सकाळी दोन पैलवानांनी कुंपण उपटलं आणि एक मोटार विहिरीपाशी आणून उभी केली. उमाबाई बाहेर आल्या.

"ही कोणाची गाडी?"

"भैयासाहेबांची," पैलवान म्हणाला. "और ये जगह भी अब उन्हींकी समझो, काकीसाब."

उमाबाईंनी जावयाला निरोप धाडला. जावई लोहारद्याचा मोठा दुकानदार. लग्नात "आई, कधी काही लागलं तर नुसता शब्द टाका" असं मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होता. आता त्याने उलट निरोप पाठवला की आपण पूर्णपणे सासूबाईंच्या पाठीशी आहोत, मात्र दुकानाचा माल भैयासाहेबांच्याच मोटारीने येतो, तेव्हा पाठीशी लोहारद्यातच राहून उभं राहणं बरं. शेवटी उमाबाईंनी धारला भावाला कळवलं.

गणपतराव आले ते भैयासाहेबांच्याच मोटारीने. टपावर त्यांची लोखंडी पट्ट्यांची एक पेटी होती आणि तिचं जादा भाडं त्यांनी बिनतक्रार दिलं होतं. देवासला पेटी उतरवायला चार हमाल लागले.

"ए भिया, हळू! आदळलीस तर तू, मी आणि ही मोटार तिघंही इंदूरला पोचू, आणि तेही तिकिटाशिवाय!"

हमाल जागच्या जागी थिजले. एकाने विचारलं, "इसमें कईं है, दादासाब?"

गणपतराव याच प्रश्नाची धारपासून वाट पाहत होते. भर रस्त्यात, माणसं जमली आहेत हे पाहून, त्यांनी पेटी उघडली. आत कडब्यावर दोन काळे लोखंडी गोळे होते, नारळाहून मोठे.

"कुलपी गोळे," ते म्हणाले. "भरीव नाहीत. आत पोकळ, पोकळीत दारू, आणि तोंडाला लाकडी बूच. धारच्या किल्ल्याच्या कोठारात माझ्या आज्यापासून पडून होते. बुचाला वात लावली की गोळा फुटतो आणि लोखंडाच्या चिंध्या होतात. आसपासच्या माणसांच्या काय होतात ते मी बायकामुलांसमोर सांगत नाही."

मग त्यांनी पेटी उमाबाईंच्या घरात नेववली आणि ज्या भिंतीपलीकडे पेट्रोलची पिंपं होती तिला नेमकी चिकटवून ठेवली. पेटीवर आपली खाट घातली, उशाशी काड्यापेटी ठेवली आणि जाहीर केलं, "विहिरीपाशी उभी असलेली मोटार संध्याकाळपर्यंत गेली नाही, तर मी बिडी ओढायला लागेन."

मोटार दुपारीच गेली.

दुसऱ्या दिवशी भैयासाहेबांतर्फे बळवंतराव वकील बोलणी करायला आले. शहाणे गृहस्थ, ते खाटेपासून बरेच लांब, दाराशी बसले.

"गणपतराव, हे काय आरंभलंत? तुमच्याकडे दोन गोळे. भैयासाहेबांकडे माणसं किती, मोटारी किती! त्यांनी मनात आणलं तर एका दुपारात हे घर सपाट होईल."

"होईल की," गणपतराव म्हणाले. "मी कुठं म्हणतो मी जिंकेन म्हणून? मी हरणारच. पण ती दुपार सरेल तेव्हा पलीकडचं पेट्रोलही सरलेलं असेल, आणि पेट्रोलभोवतीच्या मोटारीही. एका आवारापायी एवढं सगळं द्यायची भैयासाहेबांची तयारी असेल, तर या म्हणावं."

"आणि तुमचं काय होईल?"

"माझं काय व्हायचं राहिलंय?"

"आणि उमाबाईंचं?"

गणपतरावांनी उशाशी ठेवलेली काड्यापेटी सरळ केली. "तिला अजून विचारलं नाही," ते म्हणाले.

मग ते आवडत्या विषयाकडे वळले. "वर्तमानपत्र वाचता ना, वकीलसाहेब? रशियाकडे अणुबाँबांची रास आहे. इंग्रजाकडे मोजके. रशियाने ठरवलं तर इंग्लंड भाकरीसारखं भाजून निघेल. मग तो का भाजत नाही?"

"अमेरिका आहे इंग्रजाच्या पाठीशी."

"तसा उमाच्या पाठीशी लोहारद्याचा जावई आहे!" गणपतराव उठून बसले, खाट करकरली आणि वकील आणखी एक हात मागे सरकले. "लंडन वाचवायला अमेरिका स्वतःचं न्यूयॉर्क जाळून घेईल? इंग्रजालाच ती शंका आली, म्हणून त्याने स्वतःचा बाँब केला. त्याला रशिया बेचिराख करायचा नाही, करता यायचाही नाही. दोन-चार शहरं जाळता आली की झालं. दोन-चार शहरं घालवून इंग्लंड घेणं हा रशियालाही आतबट्ट्याचा व्यवहार. अहो, वाघ साळिंदराच्या वाटेला जात नाही. साळिंदर काय वाघाला मारतो? पण नाकात काटे घेऊन फिरणं वाघाला परवडत नाही. ज्याच्याकडे जास्त, त्याला जळायलाही जास्त. जा, सांगा तुमच्या वाघाला."

वकिलांनी जाऊन सांगितलं. भैयासाहेबांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला.

"म्हातारा खरोखर वात लावेल?"

"नाही लावणार," वकील म्हणाले. "बहुतेक."

"बहुतेक?"

"बहुतेक."

पुढे दोन वर्षं उमाबाईंच्या आवाराचं रक्षण केलं ते या एका शब्दाने. पोलिसांत जावं, तर पोलीस आधी भिंतीअलीकडचे गोळे पाहणार आणि मग भिंतीपलीकडची बिनपरवान्याची पिंपं. पिंपं हलवावी, तर म्हाताऱ्याला भ्यालो असं गावभर होणार. भैयासाहेबांच्या घराण्यात पानिपतापासून कोणी मागे सरलं नव्हतं. निदान तसं ते सांगत.

त्यांनी एक युक्ती करून पाहिली. गणपतराव सकाळी विहिरीवर आंघोळीला गेले की दोघांनी आत शिरून पेटी उचलायची. पण बेत शिजला तो चहाच्या दुकानात, म्हणजे तो सगळ्या गावाला कळला. गणपतरावांनी त्याच दुकानात जाऊन चहा मागवला आणि मोठ्याने म्हणाले, "पेटीत आता एकच गोळा आहे. दुसरा भिंतीच्या कडेला कुठेतरी पुरलाय. पेटी नेली तर नेणाऱ्याने मागे वळून जरूर बघावं." ज्याला पेटी उचलायला पाठवायचं होतं तो पैलवान भैयासाहेबांपुढे बायकोपोरांची सबब सांगत हात जोडून उभा राहिला. "नी भिया, हूं तो नी जऊं. घरे लुगई-छोरा हे."

असा विजय झाला. फक्त ज्या घराचा विजय झाला, त्या घरात राहणं अवघड होऊन बसलं.

पहिल्याच दिवशी गणपतरावांनी उमाबाईंना चूल पेटवायची मनाई केली. चूल उचलून आवाराच्या पार टोकाला गेली. वारा सुटला की तीही बंद. देवापुढे निरांजन नाही, उदबत्ती नाही. कंदील खिडकीबाहेर टांगायचा आणि त्याच्या उजेडात आत चाचपडायचं.

"दादा, माझ्या घरात मी देवाला दिवा लावू नको?"

"देव समजून घेईल, उमे. ठिणगी समजून घेत नाही."

"पण गोळे तर तुम्ही भैयासाहेबांसाठी आणलेत ना? मग ते जेवतात गरम आणि मी गार, हे कसं?"

"संरक्षणाला किंमत पडते," गणपतराव म्हणाले आणि कालची भाकरी दह्यात कुस्करू लागले. शेजारच्या पार्वती देशमाने तर तान्ह्या नातवाला घेऊन माहेरीच निघून गेल्या. गल्लीत दिवाळीला टिकलीसुद्धा वाजली नाही. शांतता एवढी झाली की लोकांना झोप येईना.

भैयासाहेबांचा अपमान मात्र आत धुमसत होता. कोणीतरी सल्ला दिला की काट्याने काटा काढावा. त्यांनी ओळखीच्या सरदारांची अडगळ धुंडाळून गणपतरावांच्या गोळ्यांच्या दीडपट मोठे तीन गोळे मिळवले आणि वाजतगाजत शेडमध्ये आणून ठेवले. आता तीन विरुद्ध दोन असा हिशेब झाला. त्या रात्री भैयासाहेब समाधानाने झोपले. सकाळी बळवंतरावांनी विचारलं, "या गोळ्यांनी उडवायचं काय?"

"म्हणजे? उमाबाईंचं घर!"

"ते घर तर गणपतराव स्वतःच उडवायला बसलेत. त्यांच्याकडे जाळण्यासारखं दुसरं आहे काय? दोन म्हशी असत्या तरी गोष्ट निराळी होती. आणि भैयासाहेब, ठेवलेत कुठे ते गोळे? आपल्याच पेट्रोलशेजारी."

हे ड्रायव्हरांच्या ध्यानात वकिलांच्या आधी आलं होतं. त्यांनी गाड्या सडकेवर दूर उभ्या करायला सुरुवात केली आणि पेट्रोल भरायला कोण जाणार यावर रोज भांडणं होऊ लागली. पीपलरावांची मोटार कधी वेळेवर सुटेना. तरी गोळे हलवायचे नाहीत असा भैयासाहेबांचा हुकूम होता, कारण आता तीन होते आणि तीन हे दोनापेक्षा जास्त असतात.

हे असंच चालत राहिलं. मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला तरी गोळे जागचे हलले नाहीत. मग सत्तावन्नच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, मनावरहून नवा आलेला एक ड्रायव्हर शेडच्या सावलीत बसला. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. त्याने आरामात बिडी ओढली आणि थोटूक मागे न बघता भिंतीकडे भिरकावलं. ते उमाबाईंच्या खिडकीतून आत, पेटीतून उपसून शेजारी टाकलेल्या कडब्यावर पडलं.

गणपतराव वाचनालयात होते. उमाबाई दाराशी गहू निवडत होत्या. धुराचा वास आला तशा त्या आत धावल्या. कडबा पेटला होता, जाळ पेटीच्या पट्ट्यांना चाटत होता. उमाबाईंनी ओरडाआरडा केला नाही. पिण्याच्या पाण्याची घागर उचलून ओतली, मग दुसरी, मग अंगावरचं जुनेर काढून दाबलं. जाळ विझला. त्या ओल्या जमिनीवर बसल्या.

मग उठून त्यांनी लुगडं बदललं, डोक्यावर पदर घेतला आणि रस्ता ओलांडून तडक भैयासाहेबांच्या कचेरीत गेल्या. दोन वर्षांत त्या दोघांचं एकदाही तोंडातोंडी बोलणं झालं नव्हतं. भैयासाहेब दचकून उठले.

"काकीसाहेब! आपण?"

"आत्ता आपण सगळे मेलो असतो," उमाबाई म्हणाल्या. "तुमच्या माणसाच्या बिडीने. तुम्हाला नको होतं, दादाला नको होतं, बिडीवाल्याला तर ठाऊकही नव्हतं. तरी मेलो असतो."

भैयासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी पाणी मागवलं, ते स्वतःच प्याले.

"तुम्हाला आवार कशाला हवं होतं?" उमाबाईंनी विचारलं.

"गाडी वळवायला. दुसरं काय?"

"मग विचारलं का नाहीत?"

विचारणं हा मार्ग भैयासाहेबांच्या डोक्यात आलाच नव्हता.

"पुढची पट्टी घ्या भाड्याने," उमाबाई म्हणाल्या. "सडकेलगतची. विहिरीच्या अलीकडे चाक येता कामा नये. पेट्रोल गावाबाहेर न्यायचं, गोळे सरकारात द्यायचे; तुमचेही, आमचेही. आहे कबूल?"

"कबूल," भैयासाहेब म्हणाले. जे दोन वर्षांत झालं नाही ते पेलाभर पाण्यात झालं.

गणपतरावांना हे कळलं तेव्हा ते फार रागावले. "तू परस्पर तह केलास? अगं, माझ्या गोळ्यांमुळेच तो खुर्चीतून उठला! नाहीतर दारातूनच हाकलली असती तुला!"

"उठला असेल तुमच्या गोळ्यांमुळे," उमाबाई म्हणाल्या. "पण बसला माझ्यामुळे."

दोघांचंही खरं होतं, त्यामुळे भाऊबहीण आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत.

भैयासाहेबांनी पिंपं आधी निमूटपणे हलवली आणि मग जबाबदार नागरिकाच्या चेहऱ्याने पोलिसांना कळवलं. नवे इन्स्पेक्टर आले, बरोबर पलटणीत नोकरी केलेला एक हवालदार. बैलगाडीत वाळूवर पाचही गोळे ठेवून सगळी मिरवणूक गावाबाहेरच्या माळावर निघाली. गणपतरावांचे दोन्ही गोळे पेटीतच निघाले होते, पुरलेलं काहीच नव्हतं. भैयासाहेबांचे तीन आधी तपासले. हवालदाराने ठोकून पाहिले, तिन्ही भरीव. आत पोकळी नाही, दारू नाही. लोणच्याच्या बरणीवर दाब ठेवायला उत्तम. बळवंतराव आभाळाकडे पाहू लागले.

गणपतराव मिशीत हसले आणि उमाबाईंच्या कानाशी लागले. "आता सांगायला हरकत नाही. आपलेही फुसकेच आहेत. धारलाच एकाचं बूच काढून पाहिलं होतं, आत काळी माती झालीय. लढाई गोळ्याने होत नाही, उमे. समोरच्याला वाटलं पाहिजे, बस्स."

हवालदाराने खड्डा खणून गोवऱ्या पेटवल्या आणि पहिला गोळा लांब बांबूने आत ढकलला. सगळे आडोशाला निजले. फुस्स झालं, थोडा धूर आला, संपलं. लोक हसत उठले. इन्स्पेक्टरांनी टोपी झटकली. भैयासाहेबांचा चेहरा दोन वर्षांच्या फसवणुकीने लाल झाला. "ह्याला आम्ही भ्यालो?" ते ओरडले. "फेका तो दुसरा! फेका!"

हवालदार मात्र पलटणीतला होता. "सब नीचे," तो म्हणाला, आणि दुसरा ढकलून स्वतःही पालथा पडला.

माळ हादरला. बैल गाडीसकट उधळले ते थेट गावात जाऊन थांबले. सडकेपलीकडच्या जकातीच्या चुंगी नाक्याच्या काचा गेल्या. खड्ड्याच्या जागी विहिरीएवढं भगदाड पडलं आणि लोखंडाचा एक तुकडा ज्या बाभळीत घुसला, तिच्याखाली थोड्या वेळापूर्वी बळवंतराव आभाळ पाहत उभे होते. कोणाला लागलं नाही, हे गावच्या टेकडीवरल्या चामुंडा देवीचं देणं. भैयासाहेबांचा लाल चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. पण त्याहून पांढरा होता गणपतरावांचा.

"दादा," उमाबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही एकाचंच बूच काढलं होतंत?"

गणपतरावांनी मान हलवली. दोन वर्षं ते ज्यावर खाट घालून घोरले होते, ते आत्ता त्यांनी पहिल्यांदा पाहिलं होतं. सगळ्या गावाला त्यांनी भ्यायला लावलं होतं. फक्त ज्याने सर्वांत जास्त भ्यायला हवं होतं तो एकटा निर्धास्त होता.

त्यांना ताप भरला. चार दिवस उमाबाईंनी त्यांना कढी आणि मऊ भात भरवला. उतार पडल्यावर ते धारला गेले. इंदूरमार्गे, टांगे बदलत, कारण मोटारीच्या पेट्रोलचा वास त्यांना सहन होईना. वाचनालयात जाणं त्यांनी सोडलं नाही, पण इंग्रजाने नवा हायड्रोजन बाँब उडवल्याची बातमी कोणी मोठ्याने वाचू लागलं की ते विचारत, "बूच कोणी बघितलंय का?" लोकांना वाटे, म्हाताऱ्याला भ्रम झाला.

उमाबाईंच्या सडकेलगत मोटारी वळू लागल्या. पुढच्या नगरपालिकेच्या निवडणुकीत भैयासाहेब उभे राहिले. त्यांच्या पत्रकावर लिहिलं होतं, 'स्फोटक परिस्थिती संयमाने हाताळणारे शांततेचे पुरस्कर्ते.' ते मोठ्या मताधिक्याने निवडून आले. उमाबाईंनी मत कोणाला दिलं हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मात्र मतदानाहून परत येताना त्या माहेरून परत आलेल्या पार्वती देशमानेंना म्हणाल्या, "चल, चहा टाकते," आणि दोघी हसत हसत घरात गेल्या.